स्वच्छता निरीक्षक व्हायचंय? अभ्यासाला असं लागा

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू निघाला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं. डॉक्टर दवाखाने सांभाळत होते, तर विहिरी, टँकर आणि घरोघरचे नळ यांचे नमुने घ्यायला दुसरी फौज रस्त्यावर उतरली होती. या दुसऱ्या फौजेत भरती व्हायचं असेल, तर पुढचं वाचा.

शहर की गाव, ते आधी ठरवा

महापालिका-नगरपरिषदेत या पदाला स्वच्छता निरीक्षक किंवा आरोग्य निरीक्षक म्हणतात. कचरा, गटारं, हॉटेलं, डास आणि वरून नागरिकांच्या तक्रारी, असा सगळा कारभार असतो. जिल्हा परिषदेत हेच काम बरंचसं आरोग्य सेवकाकडे येतं. तिथे पाणी, साथरोग आणि तापाचे रुग्ण शोधून रक्तनमुने घेणं यावर भर असतो. कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर हा रस्ता वेगळा. त्याला औद्योगिक सुरक्षेचा स्वतंत्र अभ्यासक्रम लागतो, तेव्हा जाहिरात वाचताना गल्लत करू नका.

कोर्स निवडताना जाहिरात हातात ठेवा

शहरातल्या पदांसाठी स्वच्छता निरीक्षक पदविका लागते, ती एक वर्षाची असते. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही 1926 पासूनची जुनी संस्था हा कोर्स चालवते. काही आयटीआयमध्ये हेल्थ सॅनिटरी इन्स्पेक्टर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मात्र फी भरण्याआधी तुम्हाला जिथे अर्ज करायचाय, तिथली मागच्या भरतीची जाहिरात काढा आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा. कुठे बारावी आणि पदविका चालते, कुठे पदवी आणि पदविका दोन्ही मागतात. म्हणून बारावीनंतर पदविकेला बसणाऱ्यांनी मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी चालू ठेवावी.

'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावलेल्या वर्गात शिरलात, तर एकच प्रश्न विचारा: वर्षात मुलांना प्रत्यक्ष कुठे कुठे नेता? जलशुद्धीकरण केंद्र, कचरा प्रक्रिया प्रकल्प, कत्तलखाना अशी ठिकाणं पटापट सांगता आली नाहीत, तर सरळ बाहेर पडा.

पाणी: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

परीक्षेत आणि नोकरीत दोन्हीकडे हाच विषय तुम्हाला तारणार आहे. गावातली एखादी गोल विहीर गाठा आणि हिशेब स्वतः करा. व्यास 3 मीटर, पाण्याची खोली 4 मीटर धरू. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले 3.14, भागिले 4. उत्तर येतं 28.26 घनमीटर, म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. पाणी निर्जंतुक करायला चांगल्या प्रतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण 2.5 ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला 70 ग्रॅमच्या आसपास.

आता पावडर सरळ विहिरीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करा, मग पाणी वाढवून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्या. चुना तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी विहिरीत जातं आणि तळाचा गाळ बाहेर फेकला जातो. बादली वर-खाली करून विहिरीतलं पाणी ढवळायचं आणि तासभर कोणाला पाणी भरू द्यायचं नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला याची चाचणी. पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळा उरलेला क्लोरीन मोजायचा असेल, तर रंग दहा सेकंदांच्या आत वाचावा लागतो. उशीर केला की संयुक्त क्लोरीनही, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी बांधला गेलेला क्लोरीन, त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी याच चाचणीसाठी डीपीडी या रसायनाची गोळी वापरतात, त्यात रंग गुलाबी येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असायला हवा. विषाणूंचा धोका असेल तर 0.5.

क्लोरीन मिळालाच नाही, तर बहुतेक वेळा दोष पावडरीत निघतो. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पोतं उघडं पडलं की दमट हवेत तो उडून जातो. हिशेब बरोबर आणि पाणी मात्र तसंच, असा घोळ होतो तो इथे. पोतं कोणत्या तारखेचं, हे विचारायची सवय लावून घ्या.

डास: हातात टॉर्च घ्या

घरातला पिंप उघडा, टॉर्च मारा. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या दिसल्या तर ॲनोफेलिस, म्हणजे हिवतापाचा डास. डोकं खाली करून तिरक्या लटकत असतील तर एडिस किंवा क्युलेक्स. एडिस आपली अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. हे कारण सांगितलं की घरातल्या काकू ऐकतात. नुसतं 'साहेबांचा आदेश आहे' म्हटलं की दार लागतं.

अळ्यांच्या निर्देशांकाची गणितं सोपी आहेत. शंभर घरांमागे अळ्या मिळालेली घरं किती, तो हाऊस इंडेक्स; शंभर घरांमागे अळ्या मिळालेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. 50 घरं पाहिली, 4 घरांत मिळून 7 भांड्यांत अळ्या मिळाल्या, तर हाऊस इंडेक्स 8 आणि ब्रेटो इंडेक्स 14.

बाकीचं पाठ करा, पण क्रमाने

जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम आणि त्यातले रंग: पिवळा, लाल, पांढरा, निळा. सुया-ब्लेड पांढऱ्यात, काच निळ्यात, एवढ्यावरच दरवेळी प्रश्न येतो. अन्न सुरक्षा कायदा 2006, जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969, हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा. यातला शेवटचा तर नीट समजूनच घ्या. उद्या कंत्राटदाराने माणूस मॅनहोलमध्ये उतरवला, तर तिथे उभं राहून 'थांबा' म्हणायची जबाबदारी तुमची असेल.

परीक्षा

परीक्षा अलीकडे संगणकावर होते, ती टीसीएस ही कंपनी किंवा आयबीपीएस ही परीक्षा घेणारी संस्था घेते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि तांत्रिक विषय, असा ढाचा असतो. तांत्रिक भाग येत असूनही मराठी व्याकरणात गुण घालवणारी मुलं थोडी नसतात. रोज अर्धा तास व्याकरणाला द्या.

जिल्हा परिषदेकडे वळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2023 च्या भरतीत आरोग्य सेवक पुरुष पदाच्या निम्म्या जागा हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी होत्या आणि त्याला 90 दिवसांच्या अनुभवाची अट होती. फवारणीचं काम दमवणारं आणि तात्पुरतं असतं, पण हंगामाआधी जिल्हा हिवताप कार्यालयात चौकशी करा. काम मिळालं, तर दिवस भरल्यावर अनुभवाचा दाखला सहीशिक्क्यासह लगेच घ्या.