किनारपट्टीचे चढ आणि सायकलचे गिअर : कोकणात रोडबाईक चालवणाऱ्यांसाठी

कोकणात सायकल चालवायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घाट उभे राहतात : आंबोली, आंबा, कुंभार्ली, फोंडा. प्रत्यक्षात किनाऱ्याने जाणारा रस्ता पायांची परीक्षा या घाटांपेक्षा अधिक घेतो. घाटरस्ता सह्याद्री चढण्यासाठीच आखलेला असल्यामुळे तो वळणे घेत बऱ्यापैकी एकसारखा चढत जातो. सावंतवाडीहून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला जाताना दाणोली मागे पडली आणि पायांना लय सापडली, की तीच लय वरपर्यंत सांभाळता येते. किनाऱ्यावर तशी सोय नाही. गाव वसलेले असते खाडीच्या मुखाशी, म्हणजे समुद्रसपाटीला. गावाबाहेर पडताच रस्ता जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर चढतो, सडा ओलांडतो आणि पुढच्या खाडीकडे उतरतो. शंभर-दीडशे मीटरची अशी चढउतार दिवसातून पाच-सहा वेळा झाली की एका मोठ्या घाटाइतकी उंची पायांखालून जाते, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि बहुतेक तुकडे चांगलेच उभे असतात. म्हणूनच रेवस ते रेडी या सागरी मार्गाचा कोणताही टप्पा करायचा असेल, तर तयारीची सुरुवात सायकलच्या वजनापासून किंवा महागड्या चाकांपासून न करता गिअरपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

गिअर किती हलका हवा, हे आकड्यांनीच पाहिलेले बरे. चालवणारा, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो वजन धरू, आणि चढ ८ टक्क्यांचा धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की आठ मीटर वर. अशा चढावर ताशी ८ किलोमीटर वेग राखायला सुमारे १६० वॅट शक्ती लागते, आणि नियमित सायकल चालवणारा हौशी माणूस ती बराच वेळ देऊ शकतो. २८ मिलिमीटरच्या टायरचे चाक एका फेऱ्यात साधारण २.१४ मीटर पुढे जाते. आता पुढे पेडलजवळ ३९ दाती आणि मागच्या चाकाला २५ दाती चक्र असेल, तर या वेगाला पेडलचे मिनिटाला जेमतेम ४० फेरे होतात. ३४ आणि २८ असेल तर ५१, ३४ आणि ३४ असेल तर ६२, आणि ३० आणि ३४ असेल तर ७१. वेग तोच, शक्तीही तीच. परंतु ४० फेऱ्यांना प्रत्येक फेऱ्यात पायाला जो जोर लावावा लागतो, तो ७१ फेऱ्यांच्या तुलनेत पावणेदोन पटींहून अधिक असतो. पहिल्या चढावर हा फरक जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या चढावर मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि मग सड्यावरचा सपाट रस्ताही संपता संपत नाही.

चढावर कॅडन्स, म्हणजे पेडल फिरवण्याचा वेग, मिनिटाला ६५ ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान राहावा, असे ध्येय ठेवावे. सपाटीवर ८० ते ९५ फेरे सहज जमतात म्हणून चढावरही नव्वदीचा हट्ट धरणाऱ्यांना कोकणातल्या दमट हवेत त्याची किंमत मोजावी लागते, कारण पाय जितके जलद फिरतात तितकी नाडी वर जाते आणि अंगात उष्णता वाढते. उलट कॅडन्स ६० च्या खाली बराच वेळ राहिला तर भार गुडघ्यांवर येतो. कॅडन्स मोजायला यंत्र असलेच पाहिजे असे नाही. घड्याळाकडे पाहून पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजावे आणि चारने गुणावे. सतरा-अठरा वेळा आला तर सत्तरच्या आसपास आहात. सपाटीवर हा सराव काही दिवस केला की चढावर न मोजताही अंदाज येऊ लागतो.

सायकल नवी घ्यायची असेल तर पुढे ५०-३४ (५० आणि ३४ दातांची दोन चक्रे) आणि मागे ११-३४ (११ ते ३४ दातांची चक्रे) अशी जोडी मागावी. जुनी सायकल विकत घेताना पुढची चक्रे ५३-३९ आहेत की ५०-३४, हे दात मोजून पाहावे, कारण जुन्या शर्यतीच्या सायकली अनेकदा ५३-३९ च्या असतात आणि पुढचा संच बदलणे खर्चाचे काम असते. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलणे तुलनेने स्वस्त पडते, परंतु त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा आखूड असेल तर तो ३४ दाती चक्र झेपवू शकत नाही. लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागतो. तसेच पुढचे मोठे आणि मागचे मोठे चक्र जुळवून चेन अतिरेकी ताणली जात नाही ना, हे दुकानातच स्टँडवर पाहून घ्यावे. ताणली जात असेल तर लांब चेन बसवावी. मागे ताटाएवढे चक्र लावले म्हणून सोबतचे लोक चेष्टा करतील, तिकडे लक्ष देऊ नये. हलक्या गिअरमुळे वेग हरवतो ही भीतीही निराधार आहे : पुढचे मोठे चक्र ५० ऐवजी ४६ दाती असले, तरी मागे ११ दात असताना ९० च्या कॅडन्सला ताशी ४८ किलोमीटर वेग मिळतो, आणि आपल्या वळणावळणांच्या रस्त्यांवर त्याहून जास्त वेगाने पेडल मारण्याची वेळ क्वचितच येते.

गिअर आहेत, पण ते वेळेवर पडत नाहीत, ही खरी अडचण बहुतेकांची असते, आणि किनाऱ्यावर ती फार वेळा भोवते. सड्यावरून खाडीकडे उतरताना चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या लहान चक्रावर असते. उताराच्या तळाशी वस्ती लागते, रस्ता अरुंद होतो, समोरून एस.टी. येते, एखादे जनावर आडवे उभे असते, आणि उतारावर मिळवलेला सगळा वेग ब्रेक लावून सोडून द्यावा लागतो. मग येतो लहानसा पूल किंवा साकव, त्याला लागून वळण, आणि वळणापलीकडे थेट उभा चढ. तिथे पोहोचल्यावर गिअर बदलायला गेले की चेनवर पूर्ण भार असतो. पुढची चेन खाली उतरत नाही, किंवा उतरते ती चक्र सोडून थेट फ्रेमवर, आणि बुटाच्या तळाची क्लीट पेडलमध्ये अडकलेल्या स्थितीत माणूस आडवा होतो. म्हणून उताराच्या शेवटच्या भागात, वस्ती दिसताच, पाय हलके फिरवत पुढची चेन लहान चक्रावर आणावी. मागची एक-दोन चक्रे वर चढवून पुलावर यावे, आणि वळण घेतानाच आणखी एक गिअर हलका करावा. पुढचा आणि मागचा गिअर एकाच क्षणी बदलू नये. चढात बदल करावाच लागला तर एक फेरा जरा जोरात मारून पुढच्या फेऱ्यात पायाचा दाब सोडावा आणि त्या अर्ध्या फेऱ्यात गिअर टाकावा.

चढ सुरू झाल्यावर त्याचा पहिला एक तृतीयांश भाग मुद्दाम सावकाश जावे. अर्धवट वाक्ये बोलता येतील इतकाच दम लागू द्यावा. अगदी हलका गिअर पहिल्याच वळणावर वापरून टाकू नये. एक गिअर हाताशी राखून ठेवला तर पुढच्या उभ्या टप्प्याला त्याचा आधार होतो. पाय आखडले की वीस-तीस फेरे उभे राहून मारावेत, पण उभे राहण्याआधी मागची चेन एक चक्र जड करावी, नाहीतर पाय रिकामे पडतात आणि सायकल मागे खेचल्यासारखी होते; बसताना पुन्हा हलकी करावी. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेचा चढ या सरावासाठी उत्तम आहे, कारण तो फार लांब नाही आणि रत्नागिरीहून सकाळी जाऊन परत येता येते.

फेरीबोटीचे टप्पे वेगळी काळजी मागतात. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी बोटीवर सायकल घेता येते, परंतु बोटीची वाट पाहण्यात आणि खाडी ओलांडण्यात पाय थंड होतात, आणि धक्क्यावरून बाहेर पडताच अनेकदा चढ सामोरा येतो. बोट लागण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्या ताणून घ्याव्यात, आणि सर्वांत हलका गिअर बोटीवर चढण्याआधीच टाकून ठेवावा. बोटीचा लोखंडी फळा ओला असतो आणि क्लीटचे बूट त्यावर घसरतात, त्यामुळे सायकल हातात धरून पाय आडवे टाकत उतरावे.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि चढावर वेग कमी असल्याने वाराही लागत नाही. उन्हाळ्यात पहाटे निघून दहाच्या आत मोठे चढ संपवावेत. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी थोडे थोडे पीत राहावे. नुसत्या पाण्याने भागत नाही. पाऊण लिटरच्या बाटलीत कोकमाचे सरबत, साखर आणि पाव चमचा मीठ घातले की विकतच्या पुड्यांची उणीव भासत नाही. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे, आणि मागच्या बाजूने दुखत असेल तर सीट वर आहे, असा पहिला अंदाज धरावा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा, ही सीटच्या उंचीची सुरुवात. तिथून एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच बदल करावा. पॅडच्या चड्डीखाली दुसरे काही घालू नये आणि ती रोज धुवावी, कारण दमट हवेत जांघा लवकर सोलवटतात.

उतारावर दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. वळणाआधी जोरात दाबून सोडावेत आणि वळणात ब्रेकला हात लावू नये. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरांच्या आसपास मासळीच्या गाड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा काळपट पट्टा वळणांवर पसरलेला असतो, आणि तो पावसाच्या पाण्याहून निसरडा असतो. त्यावर सायकल झुकवू नये, सरळ ठेवूनच पार करावी. पावसाळ्यात झाडांखालच्या सावलीच्या रस्त्यावर कडेने शेवाळ धरते, म्हणून कडेपासून थोडे आत चालवावे. टायर २८ मिलिमीटरचे तरी असावेत, आणि पावसात त्यांत हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरावी.

खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ मिळून चेन फार लवकर झिजवतात. किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी सायकलवर गोडे पाणी ओतावे, मात्र बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये. मग चेन फडक्याने पुसून वाळवावी आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडून वरचे तेल पुसून काढावे. झीज पाहण्यासाठी लोखंडी फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्याच चोवीस कड्या एक सोळांश इंचाने जास्त भरू लागल्या की चेन बदलावी, म्हणजे कॅसेट वाचते. बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि क्लीटचे स्क्रू खाऱ्या हवेत गंजून जाम होतात, तेव्हा वर्षातून एकदा, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, ते काढून ग्रीस लावून पुन्हा बसवावेत.