लंडनच्या बसलेनमध्ये गाडी घालण्याआधी

पहिल्याच वर्षी मला दंडाचं पाकीट घरपोच आलं. आत माझ्याच गाडीचा फोटो, चाकं बसलेनच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या पट्ट्याच्या, जाड पांढऱ्या रेघेच्या आत. वाजले होते रात्रीचे अकरा! म्हटलं, या वेळी कुठली बसलेन?

तिथंच चूक झाली. लेनच्या सुरुवातीला निळी पाटी असते. तिच्यावर वेळ लिहिलेली असेल, उदाहरणार्थ सकाळी ७ ते १०, तर त्या तासांपुरतीच बंदी. वेळच लिहिलेली नसेल तर चोवीस तास. मुख्य रस्त्यांवर, कडेला लाल रेघा असतात तिथं, बहुतेक बसलेन आता चोवीस तासांच्याच. रविवार म्हणून सूट धरून चालू नका.

ज्या वाहनाचं चित्र पाटीवर असतं, त्याला लेनमध्ये मुभा. सायकल आणि काळ्या टॅक्सीचं चित्र बहुतेकदा दिसतं. मोटरसायकलचं मात्र प्रत्येक पाटीवर नसतं, त्यामुळे स्कूटरवाल्यांनी नीट बघूनच शिरावं.

डावीकडे वळायचंय? मग घाई नको. जाड रेघ संपून लेन मोकळी होईपर्यंत थांबा, मगच डावीकडे सरका. मागून अँब्युलन्स आली तरी बसलेनमध्ये घुसू नका. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण तिला वाट देतानाही पाट्या पाळाव्यात, असंच तिथली वाहतूक नियमावली सांगते.

दंड १६० पौंड. चौदा दिवसांत भरला तर ८०. हरकत घ्यायची असेल तर आधी फोटो नीट तपासा आणि त्या जागेची पाटी झाडाआड तर नाही ना, हे जाऊन बघा. मी गेलो होतो. पाटी स्वच्छ दिसत होती. ८० भरले.