बाबांचा पीएसए वाढलाय आणि जवळपास एमआरआय नाही, मग काय करायचं

पीएसए (प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची रक्ततपासणी; वाढला तर कॅन्सर आहे का ते बघतात) वाढलेला आला की पहिला प्रश्न पडतो, पुढची तपासणी कुठे आणि किती पैशात. मुंबई-पुण्यात प्रोस्टेटचा एमआरआय रिक्षाच्या अंतरावर होतो, नंदुरबार-गडचिरोलीकडच्या माणसाला बऱ्याचदा त्यासाठी मजुरी बुडवून, कुणालातरी सोबत घेऊन जिल्ह्याबाहेर जावं लागतं, आणि असं दोन-तीनदा झालं की माणूस म्हणतो राहू दे आता. आमचे बाबाही म्हणाले होते. म्हणून फेऱ्या कमी कशा करायच्या ते लिहितोय.

सगळ्यात आधी डॉक्टरांना विचारा, बायोप्सीच्या (सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासण्याच्या) आधी एमआरआय करायचा का. बायोप्सी आधी झाली तर आत रक्त साचतं, एमआरआय नीट दिसत नाही आणि मग दीड-दोन महिने थांबायला सांगतात. आमचं नेमकं हेच झालं, कुणी सांगितलंच नव्हतं.

निघायच्या आधी सेंटरला फोन करून दोनच गोष्टी विचारा: प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय करता का, आणि रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स स्कोर देता का (१ ते ५ असतो, ४-५ म्हणजे कॅन्सरचा संशय जास्त). पोटाचा साधा एमआरआय करून आलात तर पैसे वाया. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) गावाजवळच तपासून घ्या, पेसमेकर किंवा अंगात रॉड-प्लेट असेल तर फोनवरच सांगा, नाहीतर तिथून परत पाठवतात.

कॅन्सर निघाला आणि पीएसएमए पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघणारा) सांगितला तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. त्यात बऱ्याच ठिकाणी गॅलियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात, ते ६८ मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे एसटी उशिरा पोचली तर तुमचा डोस तुमच्यासाठी थांबत नाही. हा स्कॅन छोट्या शहरांत सहसा मिळत नाही त्याचं हेही एक कारण. अगदीच जमत नसेल तर बोन स्कॅन आणि सीटीवर भागेल का हे विचारायला लाजू नका, पूर्वी त्यावरच उपचार ठरायचे.

पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला सरकारी योजनेचा मदतनीस) भेटा, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते त्याच्याकडूनच कळेल. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत, फक्त त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून सहीशिक्क्यानिशी घ्यायचा. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे असतील तर राज्यात एसटी फुकट, आई सोबत आली तर तिला अर्धं तिकीट. टाटाला जाणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीची चौकशी आधीच करा, जागा पटकन भरते.

परत निघताना फिल्म आणि रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या, आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर ती उघडते का बघा. आमची कोरी निघाली होती, ते २०० किलोमीटर घरी आल्यावर कळलं.