ड्रायव्हरचे तास आणि झोप सॉफ्टवेअरवर कशी सांभाळायची (५-१० गाड्या असणाऱ्यांसाठी)

आमच्या मालाच्या ७ गाड्या (ट्रक) आहेत, सोलापुरातून मुंबई, हैदराबाद आणि सीझनला साखर भरून जिकडं भाडं मिळेल तिकडं. वडलांच्या टायमाला सगळा हिशोब एका लाल वहीत असायचा, कोण कधी निघाला, किती ॲडव्हान्स दिला, बिल्टी (मालाची पावती) नंबर काय. ड्रायव्हर किती तास झोपला याचा रकाना त्या वहीत नव्हता आणि खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये पण नव्हता, म्हणजे नावाला होता पण चुकीचा होता. गेल्या अडीच वर्षात जे काय शिकलो ते लिहितोय, कारण ग्रुपवर सारखं कोणतरी विचारतंय की कुठलं ॲप घेऊ. ॲप कुठलंही घ्या, सेटिंग चुकलं तर उपयोग शून्य.

आधी आकडे, कारण सॉफ्टवेअरमध्ये लिमिट तुम्हालाच टाकावी लागते. आपल्याकडं मोटर व्हेईकल ॲक्ट १९८८ चं कलम ९१ ड्रायव्हरच्या तासांसाठी १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टकडं बोट दाखवतं. त्यात दिवसाला ८ तास काम, आठवड्याला ४८, सलग ५ तास झाले की किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाचं काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा पसारा १२ तासांच्या आत, दोन दिवसांच्या मध्ये सलग ९ तास आराम आणि ७ दिवसांत एक सुट्टी. लांबच्या रूटला परवानगी काढून दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत जाता येत होतं. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितांमध्ये गेला, दिवसाचे ८ तास तिथंही तसेच आहेत. मी सिस्टीममध्ये १९६१ चेच आकडे टाकून ठेवलेत कारण ते साधे आहेत आणि ड्रायव्हरला तोंडी सांगता येतात.

इथंच पहिली गडबड होते. बरीच सॉफ्टवेअर बाहेरच्या देशांसाठी बनवलेली असतात, त्यात तिकडचे नियम आधीच भरलेले येतात. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग. अमेरिकेत ११ तास ड्रायव्हिंग, तेही काम सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. आपण डेमो बघतो, हिरवं-लाल छान दिसतं, पैसे भरतो, आणि मग ते ११ तासाला लाल होतं, म्हणजे आपला माणूस ८ तास ओलांडून ३ तास चालवत बसलाय तरी स्क्रीनवर सगळं हिरवंगार. त्यामुळं घेतल्या घेतल्या सेटिंगमध्ये जाऊन नियमांचा सेट बदला, बदलता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका. त्याच पानावर टाइमझोन पण बघा. माझ्याकडं पहिले १५ दिवस घड्याळ साडेपाच तास मागं होतं, रात्री ११ ला निघालेला ड्रायव्हर रिपोर्टमध्ये संध्याकाळी साडेपाचला निघालेला दिसायचा आणि मी त्यालाच विचारतोय की काय मामा, टायमाच्या आधीच कसं काय निघाला.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. साधी सॉफ्टवेअर रात्री १२ ला दिवस बदलतात. ट्रकचा धंदा तर रात्रीचाच. संध्याकाळी ७ ते पहाटे ५ गाडी चालली तर रिपोर्ट म्हणतो काल ५ तास, आज ५ तास, दोन्ही दिवस मस्त नियमात. माणूस मात्र सलग १० तास स्टेअरिंगवर. ह्याच्यासाठी 'ड्युटीचा दिवस' म्हणून सेटिंग असतं ते शोधा, तिथं तारखेऐवजी 'मागच्या ९ तासांच्या आरामानंतर' असं निवडायचं. म्हणजे नवा दिवस तेव्हाच सुरू होणार जेव्हा माणूस सलग ९ तास मोकळा झालाय. हे एक सेटिंग लावलं त्या दिवशी माझ्या ७ पैकी ४ गाड्या लाल झाल्या, आणि मला वाटत होतं आपलं काम लई शिस्तीत चाललंय.

तिसरं, तास गाडीच्या नावावर मोजायचे नाहीत, माणसाच्या नावावर. जीपीएस गाडीला बसलेलं असतं म्हणून सॉफ्टवेअर गाडीचे तास दाखवतं. आमच्याकडं एकजण हैदराबादहून सकाळी आला, त्याची गाडी गॅरेजला लागली, आणि दुपारी त्याला दुसऱ्या गाडीवर विजयपूरला पाठवला, कारण दुसऱ्या गाडीसमोर शून्य तास दिसत होते. पाठवणारा मीच. आता प्रत्येक ट्रिपला ड्रायव्हरचं नाव निवडल्याशिवाय ट्रिप चालूच होत नाही असं करून घेतलंय. पैसे असतील तर केबिनमध्ये टॅग लावायचा रीडर मिळतो, टॅग लावल्याशिवाय बझर वाजत राहतो. आम्ही नाही घेतला, ऑफिसातली पोरगी फोन करून नाव टाकते, चालतंय.

आता मुद्द्याचं. गाडी थांबली म्हणजे ड्रायव्हर झोपला असं सॉफ्टवेअरला वाटतं. आपल्या सगळ्यांना माहीत आहे की गाडी कुठं कुठं थांबते. प्लांटच्या गेटवर रांगेत, वजनकाट्यावर, हमाल जेवायला गेलेत म्हणून, पंक्चर, आरटीओ, पार्टी (ज्याचा माल आहे तो) फोन उचलत नाही. जीपीएसला ह्या सगळ्याचा एकच अर्थ, स्पीड शून्य. १९६१ च्या कायद्यात तर लोडिंग-अनलोडिंग, गाडीची देखभाल-दुरुस्ती, रजिस्टरवर सह्या हे सुद्धा कामातच धरलं होतं. म्हणून स्टेटस कमीत कमी चार पाहिजेत. आम्ही ठेवलेत ते असे: चालू, काम, वाट, झोप. 'वाट' म्हणजे रांगेत उभा, काम काही नाही पण गाडी सोडून जाता येत नाही, दर दहा मिनिटाला एक फूट पुढं घ्यायची. हा वेळ आम्ही ८ तासांत धरत नाही पण १२ तासांच्या पसाऱ्यात धरतो, आणि आरामात तर कधीच नाही.

एक ट्रिप उघडून दाखवतो म्हणजे फरक कळेल. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतून माल, नवी मुंबईत वाशीला सकाळी पाहिजे. ड्रायव्हर दुपारी २ ला गेटवर. साडेचारपर्यंत रांग, मग ७ पर्यंत लोडिंग, ताडपत्री दोरी करून साडेसातला बाहेर. पावणेचारशे किलोमीटर धरा, भरलेल्या गाडीचा ॲव्हरेज स्पीड ४०, म्हणजे सव्वानऊ तासांच्या वर नुसतं स्टेअरिंग. जुन्या सेटिंगमध्ये साडेसातला स्क्रीनवर लिहून यायचं 'आराम ५ तास ३० मिनिटं, ड्रायव्हर फ्रेश'. फ्रेश काय फ्रेश, दुपारभर मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेला माणूस. (ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन कंपल्सरी झालंय, पण आपल्या गाड्या २०१६ च्या.)

नवीन सेटिंगमध्ये तीच ट्रिप टाकली की घड्याळ २ पासून सुरू होतं. लोडिंगचे ३ तास कामात धरले तर ८ तास रात्री १ च्या सुमारासच भरतात आणि १२ तासांचा पसारा रात्री २ ला संपतो. तेव्हा गाडी कुठं असणार? मध्ये अर्ध्या तासाचा चहा-जेवण धरलं तर ६ तासांत २४० किलोमीटर, म्हणजे उरुळी कांचनच्या पुढं कुठंतरी. पुणं अजून ओलांडायचंय आणि त्यानंतर बोरघाट उतरायचाय, तोही पहाटे, ज्या टायमाला कुणाचंही शरीर झोप मागतंच. बरं, अडीच तास रांग आणि लोडिंगला एमआयडीसीतला लोकल ड्रायव्हर बसवला आणि आपला माणूस घरी झोपून थेट साडेसातला चढला तरी ८ तासांत ३२० किलोमीटरच होतात. म्हणजे एका ड्रायव्हरवर सकाळची वाशी बसतच नाही. ही गोष्ट भाडं घ्यायच्या आधी कळते आणि सॉफ्टवेअरचा खरा पैसा इथं वसूल होतो. ट्रिप प्लॅन म्हणून जो भाग असतो, जो कुणी उघडतच नाही, त्यात गेट-टाइम (गेटवर पोचायची वेळ), अंतर, स्पीड टाकून बघायचं, आणि मग पार्टीला सांगायचं की दुपारनंतर देतो, नाहीतर दोन ड्रायव्हरचं भाडं द्या. दहातली तीन-चार भाडी जातात, मी खोटं बोलणार नाही. उरलेली पार्टी सवय करून घेते.

दोन ड्रायव्हर असले की एकजण केबिनमधल्या मागच्या फळीवर आडवा होतो, ती झोप पूर्ण धरायची का? आम्ही नाही धरत. चालत्या गाडीत खड्डे, हॉर्न, प्रत्येक टोलला स्पीडब्रेकर. ती वेळ 'वाट' मध्ये जाते आणि पोचल्यावर दोघांना ९ तास वेगळे.

जिओफेन्स लावायला एक दुपार घालवा, लई काम सोपं होतं. नकाशावर जागेभोवती गोल काढायचा आणि त्याला नाव आणि डिफॉल्ट स्टेटस द्यायचं. होटगीच्या सिमेंट प्लांटचं गेट म्हणजे 'वाट', मार्केट यार्ड म्हणजे 'काम', टेंभुर्णी, भिगवण, नळदुर्ग, उमरगा इथले आपले ठरलेले ढाबे आणि पंप म्हणजे 'झोप' असू शकते. 'असू शकते' अशासाठी की ढाब्यावर पण ४० मिनिटांच्या वर थांबला तरच झोप धरायची, त्याच्या खाली चहा. प्लांटचा गोल छोटा काढू नका, रांग गेटच्या बाहेर अर्धा-अर्धा किलोमीटर असते. आणि हो, इग्निशनवर भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात ड्रायव्हर चावी चालू ठेवून पंखा लावून झोपतो आणि रिपोर्टमध्ये येतं 'इंजिन चालू, ३ तास'. त्यावरून एकाला डिझेल जाळतो म्हणून बोललो होतो, नंतर माफी मागितली.

अलार्म कमी ठेवा. सुरुवातीला मी सगळे चालू केले, ओव्हरस्पीड, ब्रेक, थांबा, टोल, रात्रीत ६०-७० मेसेज, तिसऱ्या दिवशी फोन म्यूट. आता तीनच आहेत: सलग ४ तास झाले, पसारा ११ तास झाला, आणि रात्री २ ते ५ च्या मध्ये गाडी चालू आहे. तिन्ही ऑफिसच्या फोनवर येतात आणि तो फोन रात्री कुणाकडं असणार हे वारानुसार भिंतीवर लिहिलेलं आहे. ड्रायव्हरला झोप म्हणून सांगायला चालत्या गाडीत त्याला फोन लावणे हा आपला सगळ्यांचा आवडता वेडेपणा, तो करू नका. किन्नर (क्लीनर) असेल तर त्याच्या नंबरवर करा, नसेल तर ॲपवरून केबिनमध्ये बझर वाजवता येतो का ते विक्रेत्याला घेण्याआधी विचारा. ४ तासाचा अलार्म ५ ला न ठेवता ४ ला ठेवलाय कारण थांबायला नीट जागा मिळायला पाऊण-एक तास जातोच, रस्त्याच्या कडेला अंधारात गाडी लावून झोपणं तर अजूनच वाईट. पंपांवर 'अपना घर' नावानं ड्रायव्हरसाठी झोपायच्या खोल्या झाल्यात, तुमच्या रूटवर कुठं आहेत ते बघून तेही जिओफेन्समध्ये टाका.

ड्रायव्हरकडच्या ॲपचं म्हणाल तर आपल्याकडं निम्मे लोक कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारे, मराठी वाचायला कंटाळतात, इंग्लिशचा प्रश्नच नाही. चार मोठी बटणं, चार रंग, चित्रं. नेट नसताना दाबलेलं बटण फोनमध्ये साठून नंतर गेलं पाहिजे, हे डेमोच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर टाकून स्वतः दाबून बघा. आमचे एक मामा आहेत, साठीला आलेत, ते बटण दाबतच नाहीत, ते व्हॉट्सॲपवर व्हॉइस पाठवतात, "थांबलो ओ अण्णा, भाकरी खाऊन पडतो, सहाला उठवा". ऑफिसातून आम्ही त्यांचं स्टेटस बदलतो. चालतंय की, सॉफ्टवेअरला कोण दाबतंय त्याच्याशी काय घेणंदेणं.

पण सगळ्यात अवघड भाग कॉम्प्युटरच्या बाहेरचा आहे. पहिल्या महिन्यात मी एका ड्रायव्हरला फोन केला, मोडनिंबजवळ ५० मिनिटं का थांबलास म्हणून. तो म्हणाला, "तुमचंच ॲप म्हणतंय थांब, तुम्ही म्हणताय का थांबला, मी ऐकू कुणाचं?" त्यानंतर महिनाभर सगळे झोपताना 'काम' बटण दाबत होते, म्हणजे शेठ ओरडायला नको. सगळा डेटा नासला. मग सगळ्यांना एका रविवारी बसवून सांगितलं की 'झोप' दाबली तर भत्ता कापणार नाही, ट्रिप उशिरा पोचली आणि कारण झोप असेल तर दंड नाही. आणि ट्रिपवर असलेला बोनस, लवकर पोचला की ३०० रुपये, तो बंद केला, कारण एका हातानं झोप म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं पळ म्हणून नोट दाखवायची हे जमत नाही. त्याच्या बदल्यात महिन्याचा पगार थोडा वाढवला. वडील आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

सुट्टीवर असलेल्या माणसाचं लोकेशन बंद करा, हे पण सेटिंग आहे. मोबाईल ॲप असेल तर ड्युटी संपली की ट्रॅकिंग आपोआप थांबलं पाहिजे, नाहीतर तो फोन घरीच ठेवून ट्रिपला येतो.

खर्चाचं, ५ गाड्यांच्या आत असाल तर लगेच सॉफ्टवेअर घेऊ नका. गुगल शीटवर ड्रायव्हरचं नाव, गेट-टाइम, निघाला, थांबला, झोपला, उठला एवढे रकाने करा आणि दोन महिने भरा. रोज भरायला जमलं तर घ्या, नाही जमलं तर विकत घेतलेलं पण नाही जमणार. दर सोमवारी मी अर्धा तास बसतो, मागच्या आठवड्यातला प्रत्येक ड्रायव्हरचा सगळ्यात छोटा आराम किती तासांचा होता एवढा एकच आकडा काढतो. बाकी ग्राफ-बिफ बघत नाही. या सोमवारी सगळ्यात कमी साडेसहा तास निघाला, हैदराबाद रिटर्न, आणि ती गाडी लवकर बोलावणारा फोन माझ्याच नंबरवरून गेला होता.