काउबॉय शूटिंगला येताय? आधी व्हिसा, मग बंदूक, सगळ्यात शेवटी रीलोडिंग

फिनिक्समध्ये थंडीचे दिवस आले की आपल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. फेब्रुवारीत इथल्या बेन एव्हरी या नेमबाजीच्या रेंजवर ‘विंटर रेंज’ ही काउबॉय शूटिंगची, म्हणजे काउबॉयच्या वेशात जुन्या घडणीच्या बंदुकांनी खेळायच्या नेमबाजीची, मोठी स्पर्धा भरते. कुणीतरी ती बघून येतं, हॅट घातलेल्या माणसांच्या गर्दीत मी दिसतो, आणि मग संध्याकाळी विचारणा होते, “काका, मलाही यायचंय, कुठली बंदूक घेऊ?” माझं उत्तर ठरलेलं आहे. बंदुकीचं नंतर बोलू, आधी व्हिसा कोणता ते सांग.

हे मी टाळायला म्हणून विचारत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९६८ पासून अशा माणसांची यादी आहे, ज्यांना बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेले लोक, म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१ आणि त्यांच्यावर अवलंबून आलेले, त्या यादीत मोडतात. ग्रीनकार्डाचा अर्ज भरलाय आणि रांगेत आहोत, एवढ्यानं हे बदलत नाही. विकत घेणं सोडाच, रेंजवर भाड्यानं घेतलेली किंवा मित्रानं हातात दिलेली बंदूकसुद्धा ‘जवळ बाळगणं’ धरली जाते. संयुक्त अरब अमिरातीहून विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या एका तरुणाचं कॉलेज सुटलं, मुदत संपली, आणि त्यानं रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या म्हणून खटला झाला. तो रेहाइफ खटला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण इथे बेकायदा राहतोय हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं, असं कोर्टानं म्हटलं. पण त्या मुलाची किती वर्षं त्यात गेली याचा विचार करा.

कायद्यात अपवाद आहेत. कुठल्याही राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. पण त्याच्या भरवशावर पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाची फी भरा. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून जाऊ नका, आणि मी सांगितलं म्हणूनही जाऊ नका. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीनकार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, इतकं हे प्रकरण गंभीर आहे.

आणखी एक गोष्ट, जी भल्याभल्या जुन्या लोकांनाही माहीत नसते. या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच), प्रायमर (तिच्या बुडाशी बसणारी, घोडा आपटला की ठिणगी देणारी टिकली), शिशाची गोळी आणि दारू हे चारही सुटे भाग त्या व्याख्येत येतात. म्हणजे एच-१बीवर असताना ‘बंदूक नंतर घेईन, तोवर रीलोडिंगचं, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायचं, सामान जमवतो’ हा बेत चुकीचा आहे. माझ्याबरोबर बघायला येणाऱ्या मुलांना मी जमिनीवरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायलाही वाकू देत नाही. तुम्ही गुण लिहा, हुकलेले नेम मोजा, खेळ डोळ्यांत साठवा. ते सगळं चालतं, आणि खेळ खरा तिथेच कळतो.

ग्रीनकार्ड हातात आलं की राज्याचे नियम बघायचे. ॲरिझोनात वेगळा परवाना लागत नाही. इलिनॉयमध्ये फॉइड कार्डाशिवाय, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याच्या राज्य-ओळखपत्राशिवाय, काडतूससुद्धा घरात ठेवता येत नाही. न्यू जर्सीत पिस्तुलासाठी दर वेळी परवानगी काढावी लागते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून इकडे आलेल्या माणसाला इथलं सोपं वाटतं, आणि इथून तिकडे बदली झालेला अडचणीत येतो. नोकरी बदलून राज्य बदलणार असाल तर सामान ट्रकवर चढायच्या आधी हे वाचून काढा.

आता खेळाकडे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘एंड ऑफ ट्रेल’ ही पहिली स्पर्धा झाली, आणि १९८७ मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी उभी राहिली. सगळे तिला सॅस म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या अमेरिकी पश्चिमेतल्या बंदुका किंवा त्यांच्या नकला, त्या काळचा पोशाख, आणि प्रत्येकाचं एक टोपणनाव. ते नाव नोंदवावं लागतं आणि दुसऱ्या कुणाचं तेच असून चालत नाही. मराठी नाव जरूर घ्या, पण टायमर धरणाऱ्या म्हाताऱ्याला ते उच्चारता येईल असं बघा. वर्षानुवर्षं लोक तुम्हाला त्याच नावानं हाक मारणार आहेत.

बंदुका चार लागतात. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे दर गोळीला अंगठ्यानं घोडा चढवायचा. एक लिव्हरची रायफल, पिस्तुलाच्याच काडतुसाची. आणि एक छर्ऱ्याची बंदूक, दुनळी किंवा १८९७च्या घडणीची पंप. सर्वसाधारण फेरीत रिव्हॉल्व्हरच्या १०, रायफलच्या १० आणि छर्ऱ्याचे चार-सहा बार असतात. निशाणं लोखंडी पत्र्याची, मोठी आणि जवळ. वेळ मोजतात, आणि हुकलेल्या प्रत्येक नेमाला ५ सेकंद वाढतात. मारण्याचा क्रम चुकला तर १०.

एनसीसीत .२२ चालवलेल्यांना, किंवा कोल्हापूरकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्याकडे बघून रेंजवर गेलेल्यांना इथे एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते. तिथे माणूस एका जागी उभा असतो आणि श्वास धरून एकेक गोळी मारतो. इथे माणूस चालतो, वळतो, भरलेली हत्यारं कमरेला असतात. म्हणून नळीच्या तोंडाचा नियम कडक. समोरच्या बांधाकडे असलेल्या १७० अंशांच्या बाहेर नळी गेली की ती फेरी बाद. रिकामी बंदूक हातातून पडली तर फेरी बाद, भरलेली पडली तर सबंध स्पर्धेतून घरी. यात कुणी वाईट वाटून घेत नाही आणि वादही घालत नाही.

सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरतात, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवतात. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण चढवा आणि हळू खाली आणा. जुन्या कोल्टमध्ये घोड्याची टोचणी थेट प्रायमरवर टेकायची, हत्यार पडलं की उडायचं, त्यातून ही रीत आली. आजच्या रुगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो धोका नाही, तरी रीत कायम आहे. भरायचं ते भरण्याच्या टेबलावर, दुसऱ्या माणसाच्या नजरेखाली. छर्ऱ्याची बंदूक मात्र तिथे भरत नाहीत, ती घड्याळ चालू झाल्यावर.

कपड्यांवर पहिल्या वर्षी पैसे घालवू नका. पुरुषांना अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालत नाही, बेसबॉलची टोपी आणि स्पोर्ट्सचे बूट चालत नाहीत, पट्टा आणि म्यान चामड्याचं हवं. जीन्स, पूर्ण बाह्यांचा साधा शर्ट, जुने चामडी बूट यांवर भागतं. डोळ्यांना चष्मा मात्र बघ्यांनाही सक्तीचा आहे, कारण पत्र्यावर फुटलेल्या शिशाचे कण मागे येतात.

बंदुकाही लगेच घेऊ नका. पहिल्या दिवशी नुसतं गेलात तरी चारजण आपापली हत्यारं आणि काडतुसं तुमच्या हातात ठेवतील. ग्रीनकार्डाशिवाय हा पाहुणचार घ्यायचा नाही, ते वर सांगितलंच. दोन-तीन महिने उसन्यावर खेळून मग आपल्या हाताला काय बसतं ते ठरवा. माझं मत विचाराल तर रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्ही .३५७ मॅग्नमची घ्या आणि दोन्हींत .३८ स्पेशल चालवा. .३५७ मध्ये .३८ चालतं, उलट चालत नाही. धक्का कमी, शिसं कमी, आणि घरी भरायला एकच मापाचं काडतूस.

इथून पुढचं माझ्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून जरा लांबेल. दर महिन्याला होणाऱ्या सहा फेऱ्यांच्या एका स्पर्धेत १२० गोळ्या जातात, सराव वेगळा. दुकानातली काडतुसं परवडत नाहीत, शिवाय मनासारखी हलकी मिळत नाहीत. म्हणून हा खेळ खेळणारे बहुतेक लोक पुंगळ्या पुन्हा भरतात. स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. मित्राला ‘घे दोन डबे’ म्हणून देऊही नका आणि कुणाच्या हातची भरलेली आपल्या बंदुकीत घालूही नका.

काम पाच टप्प्यांचं. वापरलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, त्यातच जुना प्रायमर निघतो. नवा बसवायचा. दारू मोजून घालायची. गोळी बसवायची. मग पुंगळीचं तोंड गोळीवर किंचित वळवायचं. .३८ साठी कार्बाइडचा साचा घ्या, म्हणजे पुंगळ्यांना तेल लावावं लागत नाही. आणि यंत्र? सगळे सांगतील की एका दांडीत ही पाचही कामं करणारं घ्या. मी सांगेन, पहिलं वर्ष एकेरी प्रेस घ्या. एका वेळी एकच काम, पन्नास पुंगळ्या पाटात उभ्या, सगळ्यांत दारू घालून झाली की दिवा धरून प्रत्येकीत डोकावायचं. हात सावकाश चालला की डोळ्यांना वेळ मिळतो.

डोकावायचं का, ते समजून घ्या. .३८ ची पुंगळी काळ्या दारूच्या दिवसांतल्या मापाची आहे, पोट मोठं. आजची धूररहित दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते. एकदाऐवजी दोनदा पडली तरी वर येत नाही, आणि अशा काडतुसानं रिव्हॉल्व्हर फुटतं. मुळीच पडली नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते.

माझ्याकडून हे झालं आहे. भरायला लागून तीन महिने झाले होते. मधेच गावाहून आईचा फोन आला, दहा मिनिटं बोललो, परत येऊन जिथे सोडलं होतं असं वाटलं तिथून पुढे सुरू केलं. पुढच्या शनिवारी पहिल्या रिव्हॉल्व्हरच्या तिसऱ्या गोळीला ‘ठो’ऐवजी बारीकसं ‘फट्’ झालं. माझा अंगठा घोड्यावर गेलाही होता. टायमरवाला ओरडला आणि मी थांबलो. ते रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, तीन निशाणं हुकल्याचे १५ सेकंद चढले. नंतर नळीत सळई घातली तर ती अर्ध्यावर अडली. त्या माणसाचं लक्ष दुसरीकडे असतं तर माझी बोटं शाबूत राहिली नसती. तेव्हापासून भरताना फोन घरात असतो, माझ्याजवळ नाही. कामात खंड पडला तर उघड्या सगळ्या पुंगळ्यांतली दारू ओतून काढतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

दारू किती घालायची हे मी इथे लिहिणार नाही, फोनवरही सांगत नाही. दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातून, तुमच्याच गोळीच्या वजनासमोरचा आकडा घ्या आणि खालच्या टोकापासून सुरुवात करा. वजन ग्रेनमध्ये असतं, एका पौंडात ७००० ग्रेन, तेव्हा चूक किती बारीक असू शकते ते ध्यानात येईल. खेळाची मर्यादा अशी: गोळी निव्वळ शिशाची किंवा शिशाच्या मिश्रधातूची, तांब्याचं आवरण चालत नाही. वेग रिव्हॉल्व्हरमध्ये सेकंदाला १००० फुटांच्या आत, रायफलीत १४०० च्या आत, आणि ४०० च्या खाली नाही. ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले १०००, हे किमान ६० यायला हवं. १२५ ग्रेनची गोळी ७०० च्या वेगानं गेली तर ८७.५ येतात, म्हणजे हलकं भरायला भरपूर जागा आहे. पण फार हलकं करायच्या मागे लागू नका, गोळी नळीत अडकण्याचा धोका तिथेही आहे. गोळीचं नाक चपटंच घ्या. रायफलीच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात, टोकदार नाक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलं तर आतच बार उडू शकतो.

आपल्याकडे दुकानातून आणलेली वस्तू लगेच डब्यात काढून ठेवायची सवय असते. इथे ती सोडा. दारू आणि प्रायमर कंपनीच्या मूळ डब्यातच राहू द्या. दोन वेगळ्या दारू दिसायला सारख्या असतात, आणि काचेच्या बरणीत ओतलेले प्रायमर म्हणजे बॉम्बच. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. भक्कम लोखंडी तिजोरीत दारू कोंडू नका, लाकडी कपाट बरं. आगीपासून बचावाचं जे राष्ट्रीय मानक आहे, त्यात राहत्या घरात २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर ही साधी मर्यादा आहे. फिनिक्सच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टी होतं, तिथे पाणी तापवायचा गॅसचा बंबही असतो. मी सगळं घरातल्या थंड खोलीत, कुलपात ठेवतो.

आणि शिसं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण हातावर, कपड्यांवर, पुंगळ्या घासताना उडणाऱ्या धुळीत असतं. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर दुप्पट जपा. पुंगळ्या कोरड्या भुशात नको, पाण्यात घोळवून धुवा. रेंजवरून आल्यावर बूट बाहेर, कपडे वेगळे. साबणानं हात धुतल्याशिवाय डब्यातल्या थालीपिठाला हात लावायचा नाही, मग कितीही भूक असो.

खंडेनवमीला मी चारही बंदुका आणि प्रेस मांडून पूजा करतो. आमच्या सातारच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक पाटावर असायची, तिची आठवण म्हणून. हळदकुंकू दस्त्याला लावा, पोलादाला नको. लावलंत तर त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज धरतो.

शेवटचं, भारतात जाण्याबद्दल. भारतीय विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ‘चुकून राहिलं’ हे तुम्ही पोलीस ठाण्यात आणि नंतर कोर्टात सांगत बसता, तोवर पासपोर्ट अडकलेला, सुट्टी संपलेली. आठवण म्हणून रिकामी पुंगळी भाच्याला न्यायचीही हौस नको. ती जॅकेटच्या अस्तरात, बॅगेच्या शिवणीत, बुटाच्या टोकात जाऊन बसते. रेंजवर नेलेली पिशवी आणि जॅकेट विमानात न्यायचंच नाही. मुंबईला जायची माझी बॅग बेडरूमच्या कपाटात वेगळी असते, ती मी गॅरेजमध्ये कधी टेकवतसुद्धा नाही.