आई-बाबांसाठी बसचं तिकीट ऑनलाइन काढताय? मग या चुका टाळा

आता बहुतेक घरांत असंच झालंय की तिकीट काढणारा पुण्या-मुंबईत बसलेला असतो आणि प्रवास करणारे आई-बाबा, आत्या, काका हे गावाकडं किंवा दुसऱ्याच शहरात असतात. काढणाऱ्याला ॲपवर सगळं दिसतं, पण प्रवास करणाऱ्याच्या हातात असतो फक्त व्हॉट्सॲपवर आलेला एक स्क्रीनशॉट, आणि रात्री हायवेला उभं राहून त्यातलं नेमकं काय वाचायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या घरातली जवळजवळ सगळी तिकिटं मीच काढतो आणि बघतोय की दरवेळी गोंधळ होतो तो त्याच त्याच गोष्टींवरून, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोबाईल नंबर प्रवास करणाऱ्याचाच टाका

सगळ्यात जास्त त्रास होणारी चूक ही आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. ॲपमधे तुमचाच नंबर आपोआप भरलेला असतो, तो तसाच राहतो आणि आपण पैसे भरून मोकळे होतो. पण ट्रॅव्हल्सवाले गाडी यायच्या आधी गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा किंवा पिकअपवाल्याचा नंबर, लाइव्ह लोकेशनची लिंक हे सगळं त्याच मोबाईलवर पाठवतात आणि "कुठं उभे आहात, पुलाखाली या" हा फोनसुद्धा त्याच नंबरवर लावतात.

माझ्या आत्याला वाकडहून कोल्हापूरला जायचं होतं, गाडी मुंबईहून येणारी, तिकीट आतेभावानं बंगलोरहून काढलेलं. ती पावसात सर्व्हिस रोडला बॅग घेऊन उभी, आणि गाडी थांबली पुलाच्या पलीकडं. क्लिनरनं फोन केले ते आतेभावाला, तो नाईट शिफ्टला, फोन लॉकरमधे. दोनतीन मिस्ड कॉल झाले आणि गाडी निघून गेली. आत्या अडुसष्ट वर्षांची, तिला वाटतंय गाडी लेट आहे, ती आपली उभीच. शेवटी तिनं शेजारच्यांना फोन केला आणि ते येऊन घेऊन गेले. ट्रॅव्हल्सवाल्यांचं म्हणणं एकच, आम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला होता, आणि तिकिटाचे पैसे काही परत आले नाहीत.

त्यामुळं नंबर त्यांचाच द्या. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, मेसेज आणि कॉल तर येतोच ना. ईमेलला तुमचा आयडी टाका म्हणजे तिकीट तुमच्याकडंही येईल. आणि गाडीच्या दिवशी मेसेज आला की त्यातला ड्रायव्हरचा नंबर मागून घ्या आणि त्यांच्या फोनमधे "बसवाला" म्हणून सेव्ह करायला लावा, अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत ही तक्रार पण मिटते.

बोर्डिंग पॉइंट म्हणजे नुसतं गावाचं नाव नाही

"स्वारगेट" लिहिलंय म्हणजे एसटी स्टँडच्या आत असं नाही हो. खाजगी गाड्या स्टँडमधे शिरत नाहीत, त्या बाहेर कुठंतरी पेट्रोल पंपापाशी नाहीतर त्यांच्या ऑफिससमोर थांबतात. ॲपमधे बोर्डिंग पॉइंटच्या नावाखाली बारीक अक्षरात पत्ता आणि लँडमार्क असतो तो वाचून दाखवा, नुसता फॉरवर्ड करू नका. हायवेवरचा पॉइंट असेल, वाकड, चांदणी चौक, कळंबोली असले, तर रस्त्याच्या कुठल्या बाजूला हे फोन करून विचारूनच घ्या, कारण बॅगा घेऊन म्हाताऱ्या माणसानं हायवे ओलांडायचा हा प्रकार खरंच जीवावरचा आहे. काही ट्रॅव्हल्सवाले आधी छोट्या पिकअप गाडीतून नेतात आणि पुढं मोठ्या गाडीत बसवतात, ते आधीच माहीत नसलं की माणसं त्या छोट्या गाडीत बसायलाच तयार होत नाहीत.

एसटीचं पण आहेच. पुण्यात स्वारगेट वेगळं, पुणे स्टेशन वेगळं आणि शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामामुळं वाकडेवाडीला हललेलं. बाहेरगावच्या माणसाला "शिवाजीनगर" एवढंच सांगितलं तर रिक्षावाला कुठं सोडेल याचा नेम नाही. मुंबईत दादर, परळ, मुंबई सेंट्रल, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली, कुठून बसायचं ते स्पष्ट सांगा.

रात्री बाराच्या पुढची तारीख

शनिवारी रात्री जेवून निघायचंय आणि गाडी साडेबाराची आहे, तर ती तारीख रविवारची झाली. लोक शनिवारची तारीख टाकून साडेबाराची गाडी काढतात आणि शनिवारी रात्री जाऊन उभे राहतात, गाडी तर आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. लांबून येणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं, म्हणजे गाडी मुंबईहून शनिवारीच सुटलेली असते पण पुण्यात येते बारानंतर. म्हणून घरच्यांना सांगताना तारीख सांगूच नका, "शनिवारी रात्री जेवून निघायचं, साडेबाराला गाडी, बाराला तिथं पोचा" असं सांगा.

गावाची नावं

आपल्याकडं एका नावाची गावं किती आहेत ते एकदा बघाच. कर्जत रायगडला आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं, मुरुड जंजिऱ्याचं आणि लातूरचं, कळंब धाराशिवचं आणि यवतमाळचं, खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्याजवळच्या राजगुरुनगरला पण लोक खेडच म्हणतात. ॲपमधे पहिलं दिसेल ते नाव दाबू नका, खाली जिल्हा लिहिलेला असतो तो बघा, आणि तो नसेल तर प्रवासाचे तास बघितले तरी लगेच कळतं.

दुसरं म्हणजे बदललेली नावं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर टाकून गाड्या दिसल्या नाहीत तर जुनं नाव टाकून बघा, एका ठिकाणी नवीन नाव असतं तर दुसऱ्या ठिकाणी अजून जुनंच. गाड्याच नाहीत असं समजून लोक जास्तीचे पैसे देऊन दुसरीकडून जातात.

एसटीचं ऑनलाइन तिकीट असेल तर

ट्रॅव्हल्समधे गाडीचा नंबर मेसेजमधे येतो, एसटीत कुठली गाडी लागणार ते आयत्या वेळी ठरतं, त्यामुळं पाटी वाचता आली पाहिजे. लातूरच्या पाठोपाठ दोन गाड्या लागतात, एक लातूर डेपोची एक दुसऱ्याच डेपोची, दोन्हीवर लातूर लिहिलेलं, आणि आपलं रिझर्व्हेशन असतं त्यातल्या एकीतच. दुसरीत चढलात तर कंडक्टर नवीन तिकीट काढायला लावणार आणि त्यात त्याची चूक नाही, तिकीट त्या वेळेच्या त्या गाडीचंच असतं. तिकिटावरची सुटायची वेळ, डेपो आणि गाडीचा प्रकार, म्हणजे साधी का हिरकणी का शिवशाही का शिवनेरी, हे घरच्यांना कागदावर लिहून द्या आणि चढायच्या आधी कंट्रोलरच्या खिडकीवर किंवा कंडक्टरला विचारायला सांगा.

सवलतीचं पण नीट बघा. 75 वर्षांच्या पुढच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 मधल्यांना अर्धं तिकीट, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना पण अर्धं तिकीट. पण बुकिंग करताना प्रवाशाच्या प्रकारात ते निवडावं लागतं, नुसतं वय टाकलं की आपोआप होतं असं समजू नका, रक्कम कमी झालीय का ते पैसे भरायच्या आधी बघा. महिलांची आणि 75 च्या पुढची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे पणजी, बेळगाव, हैदराबादला जाताना हद्दीपुढचे पैसे पूर्ण लागतात. आणि खाजगी ट्रॅव्हल्सला या सवलती लागू नाहीत, तिथं जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

ओळखपत्र मूळ पाहिजे, आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे. घरी आईला सगळे "माई" म्हणतात म्हणून तिकिटावर माई टाकू नका, आधारवर जे आहे ते टाका.

पैसे गेले आणि तिकीट आलं नाही

इथं घाईघाईत लगेच दुसरं तिकीट काढू नका. आधी ॲपमधे "माझी बुकिंग" बघा, मेसेज बघा, बऱ्याचदा तिकीट झालेलं असतं फक्त स्क्रीन अडकलेली असते. नसेलच झालं तर यूपीआयच्या ॲपमधे जाऊन व्यवहार यशस्वी दिसतोय का ते बघा आणि तिथला 12 आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, जपून ठेवा, तक्रार करताना पहिला तोच विचारतात. पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोचलेच नाहीत अशी केस असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला पाहिजेत आणि त्यापुढं उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई आहे. पण पैसे कंपनीला पोचलेत आणि तिकीट झालं नाही तर रिफंड कंपनी देणार, बँकेच्या मागं लागून उपयोग नाही.

आणि हे कळकळीनं सांगतोय, कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथं चोरांनी टाकलेले नंबर असतात, ते गोड बोलतात, रिफंडसाठी एक ॲप घ्यायला लावतात, स्क्रीन शेअर करायला लावतात किंवा पिन टाकायला सांगतात आणि खातं रिकामं होतं. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. नंबर फक्त ॲपच्या आतला किंवा तिकिटावरचा वापरा, आणि फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकत जातात. हे आई-बाबांना तिकीट पाठवतानाच सांगून ठेवा.

गणपती-दिवाळीचे दर

सणाला ट्रॅव्हल्सचे दर बघून लोक नशिबाला दोष देतात आणि भरतात. पण 27 एप्रिल 2018 चा राज्य सरकारचा निर्णय आहे की खाजगी गाडीला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. एसटीचं भाडं त्यांच्या साइटवर दिसतं, गुणाकार करून बघा, आणि जास्त असेल तर तिकिटाचा, दराचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो ठेवून आरटीओकडं लेखी तक्रार करा. नंबरप्लेटचा फोटो गाडीत चढतानाच काढायला सांगा, कारण स्लीपरचं तिकीट देऊन सीटरची गाडी पाठवली किंवा एसी बंद निघाला तरी तोच फोटो कामाला येतो.