नांगर जोडण्याआधी खड्डा घ्या: मशागतीची पद्धत कशी ठरवावी

नांगर, वखर की थेट पेरणी (मशागत न करताच बी पेरणं), हे सवयीने ठरवू नये. आधी कुदळ-फावडं घ्या.

जमीन ओलसर असताना तीन खड्डे घ्या, ४० ते ५० सेंमी खोल: एक पीक जोमदार आलं होतं तिथे, दुसरा खुरटलं होतं तिथे, तिसरा ट्रॅक्टर वळतो त्या पट्ट्यात. खड्ड्याच्या भिंतीत चाकूचं टोक वरून खाली दर ५ सेंमीवर खुपसत जा. टोक अडेल, मातीचे आडवे पापुद्रे निघतील आणि मुळं काटकोनात वळलेली दिसतील, तो कडक थर. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, दोन्ही मोजा. नांगरटीच्या रानात तो बहुधा नांगराच्या तळाखालीच सापडतो. नुसता रोटाव्हेटर फिरलेल्या रानात त्याहून वर.

थर नसेल तर खोल नांगरट म्हणजे निव्वळ डिझेलची उधळण. ५ ते ८ सेंमीची वखराची पाळी पुरते, किंवा थेट पेरणी करा. थेट पेरणीत घोळ होतो तो काडाचा, म्हणजे मागच्या पिकाच्या रानात उरलेल्या अवशेषांचा: ढीग राहिले तर पेरणीयंत्राचे तवे (गोल पाती) काड न कापता पेरणीच्या सरीत दाबतात, बी मातीला टेकत नाही आणि उगवण विरळ होते. म्हणून काड कापणीच्या वेळीच सारखं पसरा. हरळी-लव्हाळा माजलेल्या रानात मात्र आधी तणाचा बंदोबस्त, मग थेट पेरणी.

थर असेल तर सबसॉयलर (माती न उलटता खालचा कडक थर फोडणारं अवजार) लावा, पण फाळ थराच्या तळापासून ३ ते ५ सेंमीच खाली ठेवा. फार खोल घातला तर माती वर उचलली न जाता बाजूला दाबली जाते. त्याआधी त्या खोलीवरची माती हातावर वळून पाहा. ३ मिमी जाडीची वात न तुटता झाली, तर काम थांबवा. ओल्या मातीत फाळ नुसती चीर पाडतो आणि तिच्या कडा लिंपून टाकतो. वर वाफसा (मशागतीला योग्य ओल) आला म्हणून खालीही आला असं नसतं, फसगत होते ती इथेच. (वाळूसर मातीची वात होतच नाही, तिथे ही परीक्षा चालत नाही.)

फोडलेली जमीन पोकळ असते, भरलेली ट्रॉली तिच्यावरून गेली की पुन्हा दबते, म्हणून वाहतूक ठरावीक वाटेनेच करा. लगेच खोल मुळांचं पीक घ्या आणि ते निघाल्यावर त्याच जागी परत खड्डा घेऊन मुळं थराच्या खाली उतरली का, ते पाहा.